सल्लागाराच्या पेट्रोलचे पैसे कोण देतं?

(बडनेरा, नवी वस्ती येथे झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी इथलाच. शाळा इथे झाली, इंजिनियरिंग इथेच केलं. आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. मी आर्थिक सल्लागार नाही, एजंट नाही, कुठल्या कंपनीचा माणूस नाही. आज तुम्हाला कुठे पैसे गुंतवा हे सांगायला आलेलो नाही. पैसे कुठे गुंतवायचे हे सांगणाऱ्याला त्याचे पैसे कुठून मिळतात, एवढंच सांगणार आहे. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, आमच्या घरातल्या सहा लाख रुपयांनी शिकवलं.

माझे अब्बा रेल्वेत पॉइंट्समन होते, भुसावळ विभागात. २०१८मध्ये निवृत्त झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी, सगळं मिळून बावीस लाखांच्या आसपास रक्कम खात्यात आली. आयुष्यात एवढे पैसे एकदम पहिल्यांदा दिसले. आठच दिवसांत बँकेतून फोन आला. मग एक तरुण मुलगा घरी आला. टापटीप, अदबीनं बोलणारा. अब्बांना काका म्हणायचा. चहा घेतला, माझ्या नोकरीची चौकशी केली. तीनदा आला, एक रुपया मागितला नाही.

अब्बांची एक अडचण होती. त्यांना व्याजाचे पैसे नको होते. आपल्याकडे पुष्कळ घरांत हा प्रश्न असतो. कुणी व्याज घेतं, कुणी घेऊन वाटून टाकतं, कुणी घेतच नाही. ज्याचं त्यानं ठरवावं. त्या मुलानं ही अडचण पहिल्याच भेटीत ओळखली. म्हणाला, "काका, यात व्याज नाही. यात बोनस मिळतो." अब्बांचा चेहरा खुलला. वर्षाला दोन लाख, बारा वर्षं भरायचे. विमा माझ्या नावावर, कारण माझं वय कमी. मी सुट्टीत घरी आलो होतो. कागद समोर आला, मी सही केली. एक ओळ वाचली नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसातून दहा वेळा न वाचता 'मान्य आहे'वर बोट ठेवतो, तशीच ही सही.

फक्त अम्मीनं एक प्रश्न विचारला होता. मुलगा गेल्यावर ती म्हणाली, "हा पोरगा तीनदा आला, इतक्या लांबून गाडीवर येतो. ह्याच्या पेट्रोलचे पैसे कोण देतं?" आम्ही दोघं हसलो. मी म्हणालो, "अम्मी, त्याला बँक पगार देते." मला वाटलं, विषय संपला.

आज मला कुणी विचारलं की या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता, तर मी अम्मीचाच प्रश्न सांगेन.

पुढचं थोडक्यात सांगतो. तीन हप्ते भरले, सहा लाख गेले. २०२०मध्ये कोविड आला, घरात दोन आजारपणं झाली, चौथा हप्ता जमला नाही. पॉलिसी मोडायला गेलो तेव्हा हातात दोन लाखांच्या थोडं वर रक्कम आली. अब्बा काही बोलले नाहीत. नुसता कागद घडी करून कपाटात ठेवला. त्या दिवशी मी सगळे कागद पहिल्यांदा वाचायला घेतले.

तेव्हा कळलं की त्या काळच्या नियमांनुसार अशा लांब मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी हप्त्याच्या पस्तीस टक्क्यांपर्यंत कमिशन देता येत होतं. दोन लाखांवर सत्तर हजारांपर्यंत. ते त्या मुलाच्या खिशात जात नाही, बँकेकडे जातं. मुलाला टार्गेट असतं आणि टार्गेट पूर्ण झालं की इन्सेंटिव्ह. त्याच्या पेट्रोलचे पैसे आम्हीच दिले होते, आणि बरेच दिले होते.

आणि तो बोनस? पारंपरिक विमा पॉलिसीतला मोठा पैसा सरकारी रोख्यांत आणि कर्जरोख्यांत जातो. तिथे व्याजच मिळतं. त्यातूनच बोनस येतो. अब्बांना व्याज टाळायचं होतं. त्यांना फक्त त्याचं दुसरं नाव विकलं गेलं.

आता आपल्या वऱ्हाडाची एक गोष्ट सांगतो. दलाल आणि दलाली हा विषय आपल्याला नवा नाही. आपण कापसाच्या मुलखातले. कारंज्याला १८८६मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातल्या बाजार समित्यांच्या कायद्यांची सुरुवात इथून मानतात. दलालाला आणि मापाड्याला परवाना लागेल, असं त्या कायद्यानं ठरवलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात हे कळलेलं होतं, की मधला माणूस लागतोच, पण तो कोण आहे आणि किती घेतो हे उघड असलं पाहिजे.

आजही शेतकरी माल घेऊन बाजारात जातो, तेव्हा त्याला पट्टी मिळते. तीत हमाली लिहिलेली असते, तोलाई लिहिलेली असते. अडत कुणी द्यायची यावर तर आपल्या राज्यात वर्षानुवर्षं भांडण झालं. शेवटी २०१६मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असा निर्णय झाला. अडत दिसत होती, म्हणून तिच्यावर भांडता आलं. पैशाच्या बाजारात अडत आहेच, पण ती पट्टीवर ठळक दिसत नाही. त्यामुळे आपण भांडत नाही. उलट चहा पाजतो.

तर ही अडत कोणकोणत्या तऱ्हेनं घेतली जाते, ते सरळ बघू. मुख्य तऱ्हा तीन.

पहिली, कमिशन. आपण सल्ला देणाऱ्याला काही देत नाही. ज्या कंपनीची वस्तू तो विकतो, ती कंपनी त्याला देते. विमा एजंट, बँक, म्युच्युअल फंडाचा वितरक, हे सगळे यात येतात. आयुर्विम्यात पहिल्या वर्षी मोठं कमिशन आणि पुढे दरवर्षी थोडं थोडं, अशी जुनी पद्धत आहे. २०२३पासून विमा नियामकानं प्रत्येक पॉलिसीवरची वेगळी मर्यादा काढली आणि कंपनीच्या एकूण खर्चाला मर्यादा घातली. म्युच्युअल फंडात एकेकाळी तुम्ही शंभर रुपये दिले की सव्वादोन रुपयांपर्यंत आधीच कापले जायचे. १ ऑगस्ट २००९पासून सेबीनं ते बंद केलं. तेव्हा चंद्रशेखर भावे सेबीचे अध्यक्ष होते. मग काय झालं? पुष्कळ विक्रेते शेअर बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसींकडे, युलिपकडे वळले, कारण तिथे कमिशन भरपूर होतं. २०१०च्या सप्टेंबरमध्ये युलिपच्या खर्चालाही मर्यादा आल्या. पाणी उताराकडे जातं, तसा सल्ला कमिशनकडे जातो. माणसं वाईट असतात असं नाही, उतारच तसा केलेला असतो.

आता म्युच्युअल फंडात वितरकाला आगाऊ कमिशन मिळत नाही. २०१८पासून फक्त 'ट्रेल' आहे. म्हणजे तुमचे पैसे फंडात आहेत तोवर दरवर्षी थोडा हिस्सा त्याला मिळत राहतो. तुम्ही चेक फाडत नाही, तुमच्या फंडाच्या किमतीतूनच तो रोज कणाकणानं जातो. ज्यांना वितरक नको, त्यांच्यासाठी १ जानेवारी २०१३पासून प्रत्येक फंडाची 'डायरेक्ट' योजना आहे. फंड तोच, मॅनेजर तोच, पण वितरकाचं कमिशन नाही, म्हणून खर्च कमी.

दुसरी तऱ्हा, टक्केवारीची फी. तुमचे जेवढे पैसे त्याच्या सल्ल्याखाली आहेत, त्याच्या अमुक टक्के तुम्ही स्वतः सल्लागाराला दरवर्षी द्यायचे. तिसरी, ठरलेली फी. तुमच्याकडे पाच लाख असोत की पन्नास, एक योजना करून द्यायचे इतके रुपये किंवा वर्षाचे इतके.

या दोन तऱ्हांनी फी घेणाऱ्यांसाठी सेबीचे २०१३चे नियम आहेत. अशा माणसाला नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार म्हणतात. त्याला परीक्षा आहे, शिक्षणाची अट आहे, तुमच्याशी लेखी करार करावा लागतो. तुमचं हित आधी बघणं हे त्याच्यावर कायद्यानं बंधन आहे. फीलाही मर्यादा आहे. टक्केवारी असेल तर वर्षाला जास्तीत जास्त अडीच टक्के. ठरलेली फी असेल तर एका कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त १,५१,००० रुपये. ही मर्यादा आहे, दर नव्हे, हे लक्षात ठेवा. रस्त्यावर ऐंशीची वेगमर्यादा लिहिली म्हणून बैलगाडीनं ऐंशीनं जायचं नसतं. फी रोख घेता येत नाही. आणि २०२०पासून एक महत्त्वाचा नियम आहे. एकाच ग्राहकाकडून सल्ल्याची फी आणि त्याच ग्राहकाच्या गुंतवणुकीवर कमिशन, दोन्ही घेता येत नाही. दोन्हीकडून अडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, असे सल्लागार आहेत तरी कुठे? खरं आहे. देशभरात त्यांची संख्या हजाराच्या आसपास. एकट्या एलआयसीचे एजंट मात्र तेरा लाखांवर. म्हणजे बडनेऱ्यात विमा एजंट गल्लीत भेटेल, फी घेणारा सल्लागार बहुधा फोनवरच भेटेल.

काही जण म्हणतात, एक-दोन टक्क्यांनी असा काय फरक पडतो? माझे अब्बा पॉइंट्समन होते, म्हणून त्यांच्या भाषेत सांगतो. बडनेऱ्याहून सुटलेली गाडी नागपूरला जाणार की अमरावतीला, हे सांध्यावर ठरतं. सांध्यावर दोन रुळांतलं अंतर वीतभरही नसतं. पुढे गावं वेगळी होतात. दहा लाख रुपये वीस वर्षं ठेवले. वर्षाला दहा टक्क्यांनी वाढले तर सदुसष्ट लाख सत्तावीस हजारांच्या आसपास होतात. नऊ टक्क्यांनी वाढले तर छप्पन्न लाख चार हजार. फरक अकरा लाखांचा. मूळ रकमेहून जास्त. दहा टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही. फक्त एक टक्का म्हणजे काय, हे सांगतोय.

पण लगेच दुसरी बाजूही सांगतो. फी घेणारा चांगला आणि कमिशन घेणारा वाईट, असं सोपं गणित नाही. समजा एखाद्या शिक्षिकेकडे पाच लाख आहेत. सल्लागारानं वर्षाला पंधरा हजार ठरलेली फी सांगितली. म्हणजे तीन टक्के झाले. तिला ते महागच पडेल. तेच पाच लाख वितरकामार्फत फंडात ठेवले आणि त्यावर पाऊण-एक टक्का कमिशन गेलं, तर वर्षाला चार-पाच हजार रुपये होतात. तो वितरक घरी येतो, फॉर्म भरतो, वारसाचं नाव लावतो, उद्या घरात काही झालं तर विधवेला कागदपत्रांत मदत करतो. तर ते चार-पाच हजार वाया गेले असं मी म्हणणार नाही. आणि पंचवीस लाख असतील तर? एक टक्का म्हणजे पंचवीस हजार, दरवर्षी, आणि रक्कम वाढेल तसे वाढत जाणार. तिथे पंधरा हजारांची ठरलेली फी स्वस्त. म्हणजे टक्के आणि रुपये दोन्ही मांडून बघायचे. टक्के ऐकायला लहान वाटतात, रुपये खरं बोलतात.

आणखी एक गोष्ट. जिथे कमिशन नाही, तिथली गोष्ट तुम्हाला कुणी दारात येऊन सांगत नाही. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर आणि पीपीएफवर एजंटाचं कमिशन २०११च्या डिसेंबरपासून बंद आहे. ज्यांना व्याज चालतं, त्यांच्यासाठी निवृत्तीनंतर ही योजना निदान विचार करण्यासारखी आहे. पण आमच्या घरी तीनदा आलेल्या मुलानं तिचं नावही काढलं नाही. ज्यांना व्याज चालत नाही, त्यांच्यासाठी शरियतच्या निकषांवर शेअर निवडणारे फंडही सेबीच्या देखरेखीखाली आहेत. त्यांत शेअर बाजाराचा चढ-उतार पूर्ण आहे, निवृत्तीचे सगळे पैसे तिथे ठेवणं धोक्याचं. पण पर्याय आहे, हे तरी अब्बांना कुणी सांगायला हवं होतं. त्यांना सगळे पर्याय समोर हवे होते. समोर आला तो सर्वांत जास्त कमिशनचा.

आता एक कटू गोष्ट. जो सल्लागार फीही घेत नाही, कमिशनही सांगत नाही, आणि दरमहा 'हलाल नफा' देतो म्हणतो, त्याच्यापासून सर्वांत जास्त जपा. बेंगळुरूची आयएमए आठवा. तिच्या पूर्ण नावात 'अॅडव्हायझरी' म्हणजे 'सल्ला' हाच शब्द होता. २०१९च्या जूनमध्ये ती बुडाली. हजारो कुटुंबांचे पैसे गेले, त्यांत बहुसंख्य आपल्याच समाजातले, लग्नासाठी आणि हजसाठी जमवलेले पैसे. तिथे लोकांनी नफा किती हे विचारलं, नफा येतो कुठून हे विचारलं नाही. धर्माच्या शब्दावर विश्वास ठेवणं हा गुन्हा नाही. तो शब्द हिशोबाच्या जागी वापरू देणं ही चूक आहे. आपल्याकडे उधारीचा व्यवहारसुद्धा लिहून ठेवा असं सांगितलेलं आहे. मग लिहून मागायला संकोच का?

मोबाइलवरच्या टिप्स देणाऱ्यांचंही तेच. "नफा झाला की निम्मा द्या" म्हणतात. नोंदणीकृत सल्लागाराला फी घेण्याच्या दोनच रीती आहेत, त्या मी सांगितल्या. नफ्यात वाटा त्यांत बसत नाही. खात्रीचा परतावा सांगणंही बसत नाही. नफा झाला की वाटेकरी आणि तोटा झाला की फोन बंद.

आता घरी जाऊन काय करायचं, ते सांगतो. कुणी सल्ला द्यायला आलं, तर पाच गोष्टी विचारा.

एक : तुमचा नोंदणी क्रमांक काय? सल्लागाराचा सेबीचा क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो. फंड वितरकाकडे 'एआरएन' क्रमांक असतो. दोन्हींची यादी इंटरनेटवर कुणालाही तपासता येते. घरातल्या शाळकरी पोरीला सांगा, दोन मिनिटांत तपासून देईल.

दोन : तुम्हाला पैसे कोण देतं, मी की कंपनी?

तीन : पहिल्या वर्षी किती रुपये, आणि त्यानंतर दरवर्षी किती? टक्के सांगितले तर म्हणा, रुपयांत लिहून द्या.

चार : मला मध्येच मोडायचं झालं तर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी हातात काय येईल?

पाच : ज्यात तुम्हाला काहीच मिळत नाही, असा एखादा पर्याय मला सांगाल का? या प्रश्नावर माणूस ओळखू येतो.

विमा घेऊन झाला असेल आणि पस्तावा होत असेल, तर पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. किरकोळ खर्च वजा होऊन पैसे मिळतात. आमच्या वेळी ही मुदत साधारण पंधरा दिवस होती, आणि आम्हाला ती आहे हेच ठाऊक नव्हतं. म्युच्युअल फंड असतील, तर दर सहा महिन्यांनी येणारं एकत्रित विवरणपत्र उघडा. तुमच्या पैशांवर वितरकाला किती कमिशन गेलं, हे त्यात रुपयांमध्ये लिहिलेलं असतं. २०१६पासून हे सक्तीचं आहे. ही आपली पट्टी आहे, आणि आपण ती न वाचताच टाकून देतो. फसवणूक झाली तर सेबीच्या 'स्कोअर्स'वर आणि विम्यासाठी 'बीमा भरोसा'वर तक्रार फुकट करता येते.

आणि एक विनंती एजंट म्हणून काम करणाऱ्या बंधू-भगिनींना. तुमच्यापैकी काही जण आज इथे बसले आहेत. कमिशन घेणं ही चोरी नाही. तुम्ही राबता, उन्हातान्हात फिरता. फक्त ते सांगा. जो दुकानदार नफा धरून भाव सांगतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येतं. कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला परत देणं मात्र विमा कायद्यात बसत नाही, तेव्हा गिऱ्हाइकांनीही ते मागू नये.

शेवटी घरची गोष्ट. अब्बांचे उरलेले पैसे कुठे ठेवायचे, यासाठी आम्ही नंतर एका फी घेणाऱ्या सल्लागाराशी बोललो. फी ऐकून अब्बा चमकले. "नुसतं बोलायचे पैसे?" म्हणाले. मी म्हणालो, "अब्बा, गेल्या वेळी न बोलायचे चार लाख दिले." त्यावर ते थोडे हसले. त्या विषयावर ते हसले, असं पहिल्यांदाच झालं. मग कपाटातला घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, "हा लोकांना दाखव." म्हणून आज इथे उभा आहे.

अम्मी मागच्या रांगेत बसली आहे. तिच्या प्रश्नावर मी हसलो होतो, त्याची माफी सगळ्यांसमोर मागतो. आज तुम्ही घरी न्यायचं ते एवढंच. कुणी फुकट सल्ला द्यायला आलं, तर त्याला चहा जरूर पाजा. पाहुणचार आपला धर्म आहे. पण चहाचा कप त्याच्या हातात देताना विचारा : बाबा रे, तुझ्या पेट्रोलचे पैसे कोण देतं?